चुकलं तर परत एकपासून

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत बसले होते. म्हणाले, "दिवाळी अंकासाठी 'अध्यात्म आणि मानसोपचार यांचा संगम' यावर लिहा. जरा भारदस्त होऊ द्या." मी म्हटलं, त्या संगमावर मी नोकरीची सगळी वर्षं काढली, पण भारदस्त असं काही वाहताना दिसलं नाही. एकदा मात्र मी स्वतः एका भल्या माणसाला त्यात ढकललं होतं, आणि त्याला बाहेर काढायला मला एका म्हाताऱ्या बुवाचे पाय धरावे लागले होते. चालणार असेल तर तेवढंच सांगते. संपादक "चालेल" म्हणाले. त्यांच्या त्या आवाजावरून त्यांना ते फारसं चालणार नव्हतं हे मला कळलं. माणसाचा आवाज ऐकायचाच मला पगार मिळत होता.

मी मानसशास्त्रज्ञ. भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांमध्ये माझी हयात गेली. दर गुरुवारी तुमसरच्या बाजूला जायचं. गोळ्या देणारे मनोविकाराचे डॉक्टर वेगळे, मी वेगळी. माझ्याकडे ना सुई, ना गोळी. एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग. लोक विचारायचे, "म्याडम, तुमी नुसत्याच बोलता?" मी म्हणायची, नाही, मी जास्त करून ऐकते. त्यावर ते आणखीच काळजीत पडायचे. गुरुवारची माझी खोली डोळे तपासायच्या खोलीला लागून होती. त्यामुळे निम्मे लोक चष्म्याचा नंबर काढायला माझ्यासमोर येऊन बसत. "कधीपासून त्रास आहे?" एवढं विचारलं की त्यातल्या काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग अर्धा तास मन मोकळं करून ते चष्म्याशिवायच घरी जात. शेजारचे डोळ्यांचे तंत्रज्ञ माझ्यावर त्यासाठी कायम नाराज असत.

आमचं काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगायचं तर असं. माणसाच्या डोक्यात काहीतरी येतं, त्याची त्याला भीती वाटते, आणि ती भीती घालवायला तो काहीतरी करू लागतो. बरेचदा रोग त्या करण्यातच असतो. ते करणं हळूहळू सोडवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण सुटता सुटत नाही.

आणि आमच्या भागात मी काहीही करायला सांगितलं की त्याचं व्रत होतं. एका बाईची छाती धडधडायची. डॉक्टरांनी सगळं तपासून माझ्याकडे पाठवलं. मी तिला सांगितलं, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं आडवं व्हा, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव ताणा आणि सैल सोडा. सात आठवडे करा, मग बघू. आठव्या गुरुवारी ती नवं लुगडं नेसून, नारळ आणि खण घेऊन हजर. म्हणाली, "म्याडम, उद्यापन केलं. सात सवाष्णी जेवू घातल्या. आठव्या तुमी." आणि तिनं भर दवाखान्यात माझी ओटी भरली. मी विचारलं, "आणि व्यायाम?" ती माझ्याकडे नवलानं बघत म्हणाली, "आता कायचा? व्रत तं उजवलं न!" मी चिडणार होते, पण तिची धडधड खरंच थांबली होती. डोळ्यांच्या तंत्रज्ञांनी नारळ फोडला आणि आम्ही सगळ्यांनी खोबरं खाल्लं. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकायला हवी होती. इथं मी सल्ला देते आणि ऐकणारा वसा घेतो. खोबरं खाण्याच्या नादात ते शिकायचं राहून गेलं.

पुढे एकदा आम्हाला मोठ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. तीन दिवस थंडगार हॉल, पडद्यावर इंग्रजीत चित्रं, आणि विषय काय, तर श्वासाकडे बघा! आमच्या आजोबांच्या गावी पहाटे देवळात लोक डोळे मिटून बसत, तेच. आपल्याच घरची पोरगी परदेशात राहून सूट घालून परत आली होती, आणि आम्ही तिची ओळख करून घेत होतो. मी नाक मुरडत गेले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्रेमातच पडले. कारण ते शिकवणाऱ्यांनी एक साधी कृती सांगितली. बसा, श्वास मोजा, एक ते दहा. मन भटकलं, आकडा चुकला, तर रागावू नका, परत एकपासून. बस, एवढंच. मला स्वतःला त्यानं झोप लागली, मान दुखायची थांबली. मग काय विचारता! परत आल्यावर डोकेदुखीला श्वास, रक्तदाबाला श्वास, सासूच्या जाचाला श्वास. औषधं देणारे कंपाउंडर म्हणायचे, "म्याडम, हवेचा साठा संपला तर सांगा, वरून मागवतो."

गुढीपाडवा नुकताच झाला होता. त्या गुरुवारी आंबागडहून देवराम आणि यमुनाबाई हे नवराबायको आले. देवराम पंचावन्नचा, धानाची शेती, अंगानं शिडशिडीत. खुर्चीच्या अगदी कडेला बसला. म्हणाला, "झोप लागत नाई, म्याडम. छाती धकधक करते. वैशाखात पोरीचं लगन हाय."

यमुनाबाईंना एवढ्यावर समाधान नव्हतं. "आन् माळेचं सांगा न! म्याडम, सकारी माळ घेऊन बसले का उठाचं नाव नाई. सारा गाव मोहफुलं वेचून घरी येते, हे आपले देवापुढंच. आता तं लोक यायच्या पाया पडाले येतात. ते पाया पडून जातात, आन् वावरातली मोटार बंद कराले मले जा लागते."

आमच्या धंद्यात इथं थांबून एक प्रश्न विचारायचा असतो. माणूस माळेवरून का उठत नाही? विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी तो विचारला नाही. बाहेर चाळीस माणसं होती, हे कारण मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला दिलं. खरं कारण असं की 'माळ' म्हटल्याबरोबर मला आनंद झाला. म्हटलं, हा तर तयार साधक! याला आपली नवी कृती लगेच जमेल. मी त्याला श्वास मोजायला शिकवलं आणि मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

तो फार लक्षपूर्वक ऐकत होता. "आन् चुकलं तं?"

"तर परत एकपासून."

"आन् मधात दुसरा इचार आला तं?"

"तरी परत एकपासून."

"म्हंजे चोख दहा झाल्याबगर नाई." त्यानं मान डोलावली, चिठ्ठी कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. ती कपाळाला लावलेली चिठ्ठी तरी माझ्या लक्षात यायला हवी होती.

दोन गुरुवारनंतर यमुनाबाई आल्या त्या मुलीला घेऊन. मुलगी रेखा, तेवीस वर्षांची, बारीक अंगाची आणि तापट. यमुनाबाई खुर्चीत बसल्याही नाहीत. "म्याडम, तुमी हे काय करून ठेवलं? माळ तं ठेवता येत होती. खिशात टाकली का झालं, मानूस दोन घास तरी खाये. आता श्वास कुठं ठेवतीन?"

मी तीन दिवसांचं प्रशिक्षण, पाच वर्षांचं शिक्षण आणि सगळा अनुभव आठवून पाहिला. या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

रेखा म्हणाली, "सकारपासून भिंतीकडं तोंड करून बसतात. दहा होत नाईत. सात झाले का परत एक. परवा श्वास धरून धरून चक्कर येऊन पडले. लगन पंधरा दिवसांवर हाय, म्याडम. मी घरी सांगून देल्लं, बाबा मांडवात उभे राहतीन तं लगन, नाई तं मी नाई करत. पाहुन्याईले काय सांगाचं ते सांगा."

तिनं हे रागानं म्हटलं आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसले. मी उरलेल्या रुग्णांची माफी मागितली आणि दवाखान्याची गाडी काढायला लावली.

देवराम आतल्या खोलीत चटईवर बसला होता. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि पंधरा दिवस उशिरानं तो प्रश्न विचारला. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "जप करताना देवाबद्दल घान घान इचार येतात, म्याडम. तोंडानं सांगाची सोय नाई. इचार आला का ते माळ बाद. बाद माळ देवाले देल्ली, तं माह्या रेखाच्या जिवाले काईतरी होईन. म्हनून परत पयल्या मन्यापासून."

तीन वर्षं हे चाललं होतं. दहा मिनिटांची माळ दुपारपर्यंत गेली होती, आणि तो पोहोचलेला पुरुष समजून गाव त्याच्या पाया पडत होतं. मराठीत या आजाराला मंत्रचळ असा नेमका शब्द आहे. त्या माणसाला 'परत एकपासून' म्हणणं म्हणजे दारुड्याच्या हातात नवी बाटली देण्यासारखं होतं, आणि ती मी माझ्या हस्ताक्षरात लिहून दिली होती. मला फार लाज वाटली. मी त्याला सरळ सांगितलं, "देवरामभाऊ, चूक माझी झाली."

तो माझीच समजूत घालू लागला. "नाई, नाई. तुमचा मंत्र बराबर हाय. मीच कच्चा हाव." हे ऐकून मला त्याहून जास्त वाईट वाटलं.

आमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पण या गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात. दुसरा उपाय माझ्या हातातला होता. मुद्दाम चुकायचं, आणि चूक दुरुस्त न करता भीती सोसत बसून राहायचं. भीती चढते, खूप चढते, आणि काहीच केलं नाही तर आपसूक उतरते. हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यायचं. मी त्याला म्हटलं, माळ मधेच चुकवा आणि तशीच पुढे न्या.

तो हादरला. "म्हंजे देवाले खोटी माळ देऊ? तुमाले काय, म्याडम. पोरगी माही हाय."

माझ्या शब्दाला तिथं तेवढं वजन नव्हतं, आणि असायला हवं असा आग्रह धरायला मला आता तोंडही उरलं नव्हतं. मी विचारलं, "माळ कोणी दिली?" कळलं, दोन कोसांवरचे सीतारामबुवा. ऐंशीच्या पुढचे, गावोगाव कीर्तन करत हिंडलेले.

बुवा-महाराजांशी माझं कधी पटलं नाही. त्यांच्याकडून उशिरा आलेले रुग्ण मी उभ्या जन्मात खूप पाहिले होते. भांडायच्या तयारीनंच गेले. बुवा अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"तो मोजून राहिला? अवो, मी त्याले मोज म्हनून सांगतलंच नाई! दिवसभर खर्रा घोटत राहाये. म्हटलं, हाताले काई काम देल्लं तं तंबाखू सुटन. म्हनून माळ देल्ली."

"खर्रा सुटला," मी म्हटलं.

"सुटला न? मंग माळेचं काम झालं." मग ते गंभीर झाले. "आन् वंगाळ इचार म्हनाल, तं मले का येत नव्हते? कीर्तनाले उभा राहिलो का असे असे इचार येत, बाप्पा! आठवडी बजारात हजार मानूस जाते. सारेच आपल्या दुकानात थोडी येऊन राहिले? जाऊ द्याचे." मी पुस्तकात जे दोनशे पानांत वाचलं होतं ते या माणसानं मोहफुलं चाळता चाळता सांगून टाकलं. मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. मी विनंती केली, "हे त्याला सांगायला चला." ते म्हणाले, "सांगून काय होते? करून दाखवा लागन." हेही आमच्या पुस्तकात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरामच्या अंगणात बैठक बसली. भीती मोजायला आम्ही आकडे वापरतो, शून्य ते शंभर. पण या माणसाला आणखी आकडे देण्याची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, भीती आण्यांत सांगा. पूर्ण भीती म्हणजे सोळा आणे.

बुवांनी देवरामची माळ मागून घेतली, यमुनाबाईंकडून कात्री आणवली, आणि कोणाला काही कळायच्या आत दोरा कापला. एक मणी काढून आपल्या बंडीच्या खिशात टाकला आणि गाठ मारून माळ परत दिली. "घे. आता एकशे सात. मोज किती मोजाची ते. जन्मभर पुरी होनार नाई."

एवढ्यापर्यंत पोहोचायला मी किमान चार बैठका घेतल्या असत्या, आधी समजावलं असतं, संमती घेतली असती. बुवांनी सूत कापावं तसा विषय कापला. मी घाबरून देवरामकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"किती आणे?"

"अठरा," तो म्हणाला.

"देवरामभाऊ, ही माळ तुम्ही फिरवलीच पाहिजे असं नाही. नको म्हणालात तर आत्ता थांबतो." हे तरी मी विचारलं. तो रेखाकडे बघत राहिला. ती दाराला टेकून उभी होती. मग त्यानं माळ उचलली. तो ओठ हलवत पुढे जाई, आणि बुवा मधेच विचारत, "मांडवाले बांबू आले का रे?" देवराम कळवळून पहिल्या मण्याकडे जायला निघे. मी म्हणे, "नाही, आहात तिथूनच." सोळा आणे. सोळा. चौदा. पाऊण तासानं तो नवलानं म्हणाला, "म्याडम, दहा आने राहिली. मी तं काईच केलं नाई." मी म्हटलं, हेच तर औषध.

राहिला श्वास. तो माझा गुन्हा होता, म्हणून त्याचं प्रायश्चित्त मीच घ्यायचं ठरवलं. मी मोठ्यानं म्हटलं, "एक, दोन, सात." देवराम दचकला. रेखा लगेच पुढे आली, "तीन, अकरा, चार." यमुनाबाई म्हणाल्या, "मले तं तसंही मोजता येत नाई," आणि "पाच, पाच, वीस" म्हणून मोकळ्या झाल्या. बुवांनी तर थेट सव्वा आणि दीड काढले. तेवढ्यात शेजारच्या दोन बाया नेहमीसारख्या देवरामच्या पाया पडायला आल्या. बघतात तर बुवा, सरकारी मॅडम आणि घरचे लोक गोल बसून चुकीचे आकडे ओरडताहेत, आणि मधोमध त्यांचा सत्पुरुष, घामानं निथळत, "सहा... दोन... नऊ!" बाया उंबऱ्यावरूनच परत गेल्या. त्या दिवसापासून पाया पडणं बंद झालं. यमुनाबाईंनी त्याचं श्रेय मला दिलं आणि मी ते घेतलं.

पुढचे दहा-बारा दिवस बुवा रोज येत, मी एक दिवसाआड. काही दिवस छान जात. एकदा तो सबंध सकाळ परत भिंतीकडे तोंड करून बसला आणि मी अंगणात हातावर हात धरून. तो बरा झाला असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मंत्रचळ असा पुरता जात नाही, त्याच्याबरोबर नांदायला शिकावं लागतं. लग्नाच्या आदल्या दिवशीही भीती आठ आणे होती. मांडवात ती किती होईल, हे बुवांना सांगता येत नव्हतं आणि मलाही.

लग्न संध्याकाळच्या मुहूर्तावर होतं. देवराम पांढरं धोतर नेसून उभा होता. कन्यादानाला तो आणि यमुनाबाई बसले, रेखा हात पुढे करून उभी राहिली. लग्न लावणाऱ्या महाराजांचं त्या दिवसातलं हे तिसरं लग्न होतं. घाईघाईत मंत्र म्हणताना त्यांनी वधूचं नाव घेतलं, "राधा." दुपारच्या लग्नातली नवरी असावी. बायकांत कुजबुज झाली. महाराज ओशाळले, म्हणाले, "माफ करा, माफ करा. आपण सारं परत सुरुवातीपासून घेऊ."

मी खुर्चीतून अर्धी उठले. सगळ्या जगात हे एक वाक्य त्या माणसाच्या कानावर जायला नको होतं, आणि तेही मुलीचं कन्यादान चालू असताना, तिचं नाव चुकल्यावर. देवरामनं डोळे मिटले. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. यमुनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्या हातातल्या तांब्याकडे बघत राहिल्या. किती वेळ गेला मला माहीत नाही. मी मोजला नाही.

मग त्यानं डोळे उघडले. आवाज कापत होता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"नाई, महाराज. नाव तेवढं बराबर घ्या आन् म्होरं चला. पोरगी केव्हाची उभी हाय, तिचे पाय दुखून राहिले."

रेखानं झटकन मान वर केली, आणि नवरीनं खाली बघत उभं राहायचं असतं त्या जागी, भर मांडवात, बापाकडे बघून ती मोठ्यानं हसली.